अठरा अंश

शनिवार, १४ जून २०२५

आज सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, अप्पर हटमधल्या माझ्या राहत्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, एका परक्या माणसानं माझ्या नवऱ्याच्या मशीनमधून एक वस्तू काढून नेली. आधी तारीख, वेळ आणि ठिकाण, रडगाणं नंतर, असं पाचगणीच्या कॉन्व्हेंटात सिस्टर ॲग्नेसनी आम्हाला शिकवलं. त्या क्रमानं लिहिते आहे.

मशीन म्हणजे बैठकीतला एसी. इथे त्याला हीट पंप म्हणतात, कारण गार हवेसाठी तो कोणी लावत नाही, हिवाळ्यात घर तापवायला लावतात. त्याला आजवर रमणशिवाय कोणाचा हात लागला नव्हता. नाशिकजवळच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ज्या माणसानं आयुष्यभर लोकांची द्राक्षं सांभाळली, तो सर्व्हिसिंगला माणूस कशाला बोलावेल? गॅरेजमध्ये आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांतून सुटे भाग भरून ठेवले आहेत. पंखे, रिमोट, सेन्सर, बोर्ड, स्क्रू. 'हे मॉडेल बंद झालं की पार्ट मिळणार नाहीत, मग बसाल कुडकुडत,' असं मलाच सुनवायचे.

रमण ऑक्टोबरात गेले. आणि आता चिरंजीव वरुण यांनी ऑकलंडला, फ्लॅट बुशच्या घरात सोफ्यावर बसून, मला न विचारता एका कंपनीचं सर्व्हिसिंग बुक केलं. "मदर्स डेचं गिफ्ट समज, आई. थोडं उशिरा."

कंपनीचं नाव कोझी व्हॅली हीटिंग. माणसाचं नाव कॉरी. जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, हाफ पँट घालून आला, पण बूट दाराशी काढले, म्हणून मी गप्प बसले. तीच चूक झाली. त्यानं पुढचं झाकण उघडलं, व्हॅक्यूम केलं, आणि आतून वायरचा एक तुकडा उपसला. "ही कंपनीची नाही. कोणीतरी मध्येच जोडली आहे. हिच्याशिवाय बरं चालेल."

"ती माझ्या मिस्टरांनी जोडली आहे," मी म्हणाले.

"स्वीट ॲज," तो म्हणाला, आणि मी चष्मा शोधेपर्यंत तुकडा त्याच्या पिशवीत गेलासुद्धा.

स्वीट ॲज, म्हणजे इथल्या बोलीत 'छान, चालेल'. हे काय उत्तर झालं?

सोमवार, १६ जून

घर गार पडलं आहे.

मशीन अठरावर आहे. आमच्या घरी अठराच असतं. या देशात आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी ते ठरवलं आणि रमणना सांगून टाकलं की या आकड्याला कोणी हात लावायचा नाही. पाचगणीला डिसेंबरात आम्ही पोरी गार पाण्यानं आंघोळ करून सहाच्या प्रार्थनेला उभ्या राहायचो. ऊबदार खोलीत डोकं मऊ होतं, असं सिस्टर म्हणत. जॉन्सनव्हिलला माझी मैत्रीण शकु राहते, तिच्या घरी चोवीस असतं. तिच्या बैठकीत पापड वाळतील. मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात मी तिला सुनावलं आहे की आम्ही दोघं सत्तरी ओलांडूनही अठरात राहतो, तेही साध्या सुती कपड्यांत.

आज मी लोकरीच्या दोन कपड्यांत बसून हे लिहिते आहे.

बुधवार, १८ जून

कंपनीला फोन केला. बाईंचा आवाज फारच गोड होता.

"मशीन किती दाखवतंय?"

"अठरा."

"मग घर अठराच आहे, डार्लिंग."

मी अडतीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. मला डार्लिंग म्हणू नये, हे मी तिला सांगितलं. अठरा म्हणजे काय हे मला ठाऊक आहे, आणि हे अठरा नाही, हेही सांगितलं. तिनं तक्रार नोंदवून घेतली म्हणे. टायपिंगचा आवाज काही आला नाही.

शुक्रवार, २० जून

मातारिकीची, म्हणजे माओरी नववर्षाची सुट्टी. शेजारची हाना दुपारी रताळ्याची थाळी घेऊन आली. पहाटे ते सगळे नदीकाठी जमले होते. वर्षभरात गेलेल्यांची नावं या दिवशी आकाशाकडे बघून मोठ्यानं घेतात आणि त्यांना निरोप देतात.

"मी रमणचंही नाव घेतलं," ती म्हणाली. "तुझी हरकत नाही ना?"

मी नाही म्हटलं. ती गेल्यावर मात्र राग आला. निरोप द्यायला तुला कोणी सांगितलं होतं?

पण खरं लिहायचं तर तो निरोप सहा दिवस उशिरा होता. ऑक्टोबरात रमणना नेलं, त्या दिवशीही घर रिकामं वाटलं नव्हतं. नोव्हेंबर गेला, उन्हाळा गेला, एप्रिलमध्ये गारठा सुरू झाला, मी रिमोटचं बटण दाबलं आणि घर नेहमीसारखं झालं. संध्याकाळी खुर्चीत बसलं की पाठीमागे कोणी उभं असल्यासारखी ऊब असायची. मी मागे वळून बघत नसे. बघण्याची गरज नव्हती.

रमण या घरातून गेले ते १४ जूनला.

मी अंधश्रद्धाळू नाही. नन्सनी ते सगळं घासून काढलं आहे. तरी लिहून ठेवते.

रविवार, २२ जून

बाहेर दंव पडलं की हीट पंपाच्या बाहेरच्या भागावर बर्फ धरतो. मग मशीन थांबतं, बर्फ वितळवतं आणि पुन्हा सुरू होतं. सुरू होताना आतून एक लांब सुस्कारा येतो. हे रमणनी मला अनेकदा समजावलं आहे. झडप उलटी फिरते, त्याचा तो आवाज.

आज सकाळी तो सुस्कारा आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आलात का?"

नंतर बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. स्वयंपाकघरात गॅस असतो, तिथे आपण उभं राहू शकतो.

गुरुवार, २६ जून

डॉक्टरांकडे गेले. थायरॉइड ठीक, रक्त ठीक, बीपी माझ्या स्वभावाच्या मानानं ठीक. "या वयात थंडी जास्त वाजते," असं तीस वर्षांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे वय मला १४ जूनला अकरा चाळीसला लागलं का, असं विचारलं. त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

दुपारी शकु आली. कोट काढलाच नाही.

"विनया, अगं दोन डिग्री वाढव की. कोण बघतंय?"

"मी बघते आहे."

"गंमत आहे. पूर्वी तुझ्या या अठरात मला स्वेटर काढून ठेवावा लागायचा. घरी जाऊन ह्यांना म्हणायचे, विनयाच्या नुसत्या तोंडाचीच ऊब आहे ती. आज बघ, दात वाजताहेत माझे."

"तुझे दात खोटे आहेत."

"खोटे आहेत म्हणून तर जास्त वाजतात," ती म्हणाली आणि कोटाची बटणं लावून चहा प्यायली.

मंगळवार, १ जुलै

वरुणचा फोन. शाळेला सुट्टी आहे, बारा तारखेला शनिवारी सिद्धीला घेऊन येतो म्हणाला. मला न्यायला येतो आहे, हे त्यानं तीनदा वळसे घालून सांगितलं.

"आई, शकुमावशीचा मेसेज आला. तू घरात टोपी घालून बसतेस म्हणे."

"शकुला सांग, टोपी ऊबदार आहे."

"आई, बाबांना जाऊन वर्षसुद्धा झालं नाही. एकटं असलं की असं होतं. घर गार नसतं, आपल्याला तसं वाटतं. तुझी खोली तयार आहे. विकत थोडंच आहोत ते घर? भाड्यानं देऊ."

मागून सिद्धी ओरडली, "आजी, यू कॅन हॅव माय हीटेड ब्लँकेट." मराठी सगळं समजतं तिला, उत्तर इंग्रजीत येतं. तिचा आवाज ऐकला आणि माझा आवाज बिघडला. तो लपवायला मी जे बोलायचं नव्हतं ते बोलून गेले. बारा तारखेपर्यंत हे घर पूर्वीसारखं झालं नाही, तर येते तुझ्याबरोबर.

"प्रॉमिस?" त्यानं विचारलं.

आमच्या शाळेत शब्द दिला की दिला.

गुरुवार, ३ जुलै

मशीन खोटं बोलत असणार, असा माझा निष्कर्ष झाला होता. कॉरीनं काहीतरी बिघडवलं आणि आता चौदाला अठरा म्हणतंय. हे सिद्ध करायला थर्मामीटर हवा. घरात एकही नाही. बैठकीच्या भिंतीवर गोल पितळी थर्मामीटर होता, तो रमणनी 'टेस्टिंगला लागतो' म्हणून गॅरेजमध्ये नेला आणि मी कितीही मागे लागले तरी कधी परत आणला नाही. खिळा अजून भिंतीवर आहे. मी त्यावर कॅलेंडर लावते.

गॅरेजमध्ये जायचं मी ऑक्टोबरपासून टाळत होते. तिथे त्यांचा वास असेल असं वाटलं होतं. तिथे फक्त मशीन ऑइलचा वास होता. थर्मामीटर डब्यांच्या मागे, फडक्यात गुंडाळून ठेवलेला सापडला. टेस्टिंगची वस्तू इतकी मागे कोण ठेवतं?

खिळ्यावर टांगला. तासाभरानं बघितलं. अठरा.

म्हणजे मशीन खरं बोलतं आहे, कंपनीच्या बाई खऱ्या, डॉक्टरीणबाई खऱ्या, वरुणही खरा. खोटी फक्त मीच. अठरा अंशांत आनंदानं राहणारी बाई रमणबरोबर गेली, आणि तिच्या जागी ही टोपीवाली म्हातारी बसली आहे. संध्याकाळी बॅग खाली काढली.

सोमवार, ७ जुलै

बॅग भरण्याआधी एक करायचं ठरवलं. त्या माणसानं नेलं ते नेलं, निदान ती जागा तरी बघायची.

बाहेरचा मेन स्विच बंद केला. स्टुलावर चढले. झाकण दोन्ही बाजूंनी दाबून वर उचललं, रमण उचलायचे तसं. जाळ्या काढल्या. उजवीकडे एक बारीक वायर आहे, तिच्या टोकाला सेन्सर. त्याला रमण मशीनचं नाक म्हणायचे. खोली किती गार आहे हे तो हुंगतो आणि बोर्डाला सांगतो. ती वायर आता ओढून ताणलेली होती, आणि मध्ये प्लगचा जोड. पूर्वी जाळ्या धुवायला काढल्या की तिथे वायरचा सैल वेढा लोंबायचा, हे मला नक्की आठवतं. म्हणजे त्या जोडाच्या मध्ये एक तुकडा होता. वायर अपुरी पडत असेल म्हणून रमणनी वाढवली असेल, त्यात एवढं काय?

असा माणूस एकच तुकडा करून थांबणार नाही. गॅरेजमध्ये सेन्सरचा डबा उघडला. तळाशी चार तुकडे निघाले. बोटभर लांब, दोन्ही टोकांना प्लग, मध्ये काळ्या प्लास्टिकच्या आत तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी. प्रत्येकावर पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी. ही कोल्ड स्टोरेजची सवय. ओल्यात शाई टिकत नाही, गाठ टिकते. एकावर एक गाठ, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर पाच. चार गाठींचा नव्हता.

तीन गाठींचा लावला. झाकण बसवलं, स्विच चालू केला, मशीन अठरावरच ठेवलं.

चार वाजता खुर्चीत डोळा लागला. टोपी खाली पडलेली. पाठीमागे तीच ऊब. मी हललेसुद्धा नाही. मग मान वर करून थर्मामीटर बघितला.

एकवीस.

बिघडवलं मी मशीन. रिमोटवर अठरा, घरात एकवीस. नाक तीन अंशांनी चुकतं आहे, खोली आहे त्याहून गार सांगतं आहे. रमणनी फुकटचा खराब तुकडा जपून ठेवलेला दिसतो.

मंगळवार, ८ जुलै

बाकीचेही लावून बघितले, प्रत्येक वेळी मेन स्विच बंद करून. रिमोट कायम अठरावर.

एक गाठ, एकोणीस. दोन गाठी, वीस. पाच गाठी, तेवीस.

इतकं नेमकं काही खराब होत नाही.

आज यापुढे लिहीत नाही.

गुरुवार, १० जुलै

पहिल्या दोन हिवाळ्यांत रमण घरात स्वेटरवर स्वेटर घालून, वर मफलर गुंडाळून बसायचे. मी थट्टा करायची. नाशिकचा गारवा राखणारा माणूस आणि इथे मुंबईकरासारखा काकडतोय. मग एका वर्षी त्यांनी स्वेटर घालणं सोडलं. मी सगळ्यांना सांगितलं, मी यांना सवय लावली.

मला न्यूमोनिया झाला, त्या वर्षी हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा रमण स्टुलावर चढलेले. "जाळ्या साफ करतोय," म्हणाले. जाळ्या धुऊन अंगणात वाळत घातलेल्या मला दिसत होत्या. मग ते आत काय साफ करत होते, हे मी विचारलं नाही. नंतरही दर एक-दोन वर्षांनी, गारठा सुरू झाला की मला आलं आणायला डेअरीवर (इथे कोपऱ्यावरच्या किरकोळ दुकानाला डेअरी म्हणतात) पिटाळायचे आणि परत येईपर्यंत सर्व्हिसिंग उरकलेलं असायचं. आमच्या कोपऱ्यावरच्या डेअरीत आलं मिळत नाही. दरवेळी मी लांबच्या दुकानापर्यंत चालत जायची आणि परत येऊन त्यांच्या विसरभोळेपणावर बोलायची.

एकेक गाठ, एकेक अंश. मला कळू नये इतक्या हळू.

तुम्हाला थंडी वाजत होती का, रमण? की मला वाजते हे तुम्हाला दिसत होतं? दोन्हींपैकी कोणत्याही वेळी तोंडानं सांगता आलं असतं. सांगितलं असतंत तर मी काय उत्तर दिलं असतं, ते मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत होतं.

पूर्ण मंडळासमोर मी अठराचा तोरा मिरवत होते, आणि तुम्ही शेजारी बसून चिवडा खात होतात. चेहरासुद्धा हलला नाही तुमचा.

शनिवार, १२ जुलै

वरुण आणि सिद्धी दुपारी पोचले. बाहेर इतका गारठा की शेजारी हानाच्या कारच्या काचेवर अजून दंव. सिद्धीनं दारातच जँडल्स, म्हणजे रबरी चपला, काढल्या (जुलैमध्ये जँडल्स, हिच्या आईला काय म्हणावं) आणि गालिच्यावर आडवी झाली.

"आजी, इट्स सो टोस्टी इन हिअर."

वरुणनं जॅकेट काढलं. मग स्वेटर काढला. मग खोलीभर फिरला, बापासारखा, हात मागे बांधून. रिमोट उचलला.

"आई, अठरा? अठरावर एवढं गरम?"

"सवय लागते."

"नाही, पण..." तो मशीनच्या खाली उभा राहून वर बघत राहिला. "काही केलंस का तू याला?"

"जाळ्या साफ केल्या."

त्यानं भिंतीकडे बघितलं. तिथे कॅलेंडर होतं. थर्मामीटर मी सकाळीच फडक्यात गुंडाळून गॅरेजमध्ये, डब्यांच्या मागे ठेवला आहे.

जेवताना तो एकदम म्हणाला, "बाबांच्या वेळी असंच असायचं." आणि आमटीच्या वाटीत बघत राहिला. फ्लॅट बुशचं नाव त्यानं काढलं नाही. मी काढण्याचा प्रश्न नव्हता, शब्द पाळला गेला होता. बॅग सिद्धीनं तिच्या खेळात दुकान म्हणून मांडली.

सोमवार, १४ जुलै

पाहुणे सकाळी गेले. घर शांत आहे, पण रिकामं नाही.

एक गोष्ट नोंदवायला हवी. तीन गाठींवर पहाटे गुडघे धरतात. संध्याकाळी ठीक, पहाटे नाही. १३ जूनपर्यंत धरत नव्हते. पाच गाठींवर बसून बघितलं तर झोप येते, डोकं मऊ होतं, सिस्टरचं बरोबर होतं. म्हणजे मशीनमध्ये होता तो चार गाठींचा होता. आणि पाच गाठींचा रमणनी वापरला कधीच नाही. प्लग अगदी कोरे आहेत, चमकतात. पुढच्या कुठल्या तरी हिवाळ्यासाठी करून ठेवलेला. त्या हिवाळ्यात स्टुलावर कोण चढणार होतं, याचा हिशेब त्यांनी कसा काय लावला होता, कोण जाणे.

खालचं पत्र उद्या इंग्रजीत टाइप करून रजिस्टर्ड पोस्टानं पाठवायचं. मसुदा मराठीत, कारण राग मला मराठीत नीट येतो.

*कोझी व्हॅली हीटिंग यांस,*

*शनिवार, १४ जून २०२५ रोजी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तुमचे श्री. कॉरी यांनी माझ्या घरातील हीट पंपातून वायरचा एक तुकडा माझ्या परवानगीशिवाय काढून नेला. लांबी बोटभर, दोन्ही टोकांना प्लग, वर पांढऱ्या दोऱ्याच्या चार गाठी. तुमच्या माणसानं तो कचरा समजला असेल. तो कचरा नाही. तो माझे दिवंगत पती रमण यांनी जाणूनबुजून, पूर्ण शुद्धीवर, मला न विचारता बसवला होता, आणि त्याबद्दल त्यांना काय बोलायचं ते माझं मी बघून घेईन. तुम्ही त्यात पडू नये.*

*तुमच्या कामात चूक होती असं माझं म्हणणं नाही. तुमचे अठरा बरोबर आहेत. मला ते नको आहेत.*

*तुकडा तुमच्या व्हॅनमध्ये, पिशवीत, बाकड्याखाली, जिथे असेल तिथून शोधावा. फेकला असेल तर कुठे फेकला ते कळवावं, मी स्वतः जाऊन शोधेन. त्याच्या बदल्यात नवा सेन्सर, नवं मशीन, सवलत, फुकट सर्व्हिसिंग यांपैकी काहीही देऊ करू नये. तो कशासाठी होता, हे विचारू नये.*

*माझ्याकडे तीन गाठींचा आहे, तो पुरत नाही. पाच गाठींचाही आहे. पण पाचची वेळ अजून आलेली नाही, आणि तुमच्या निष्काळजीपणामुळे ती लवकर आणण्याची माझी तयारी नाही. मला माझ्या चार गाठी परत हव्या आहेत.*

*शुक्रवार, २५ जुलै २०२५, संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर द्यावे. फोन करू नये.*